दार उघडं दिसलं तर

गणपतीला मुंबईच्या वाकोल्यातल्या कितीतरी खोल्यांना कुलूप लागतं. पाइपलाइनच्या अंगाने गेलेल्या गल्ल्या, दत्तमंदिर रोडच्या मागच्या चाळी, जिथे म्हणून कोकणातलं कुटुंब आहे तिथे दाराला कुलूप आणि वरून जादा साखळी. मे महिन्यात पुन्हा तेच, दिवाळीत थोडंफार तेच. पश्चिमेला द्रुतगती महामार्ग, पूर्वेला कलिना, उत्तरेला विमानतळ आणि खालच्या अंगाला वांद्रे-कुर्ला संकुल, यांच्या मधे ही वस्ती दाटीने बसली आहे. गावठाणातली बैठी घरं, एकावर एक चढवलेल्या खोल्या, जुन्या सोसायट्या, पुनर्वसनाचे टॉवर, रस्त्यालगतची शटरवाली दुकानं, सगळं एकमेकांना खेटून. एवढी माणसं आजूबाजूला असताना चोरीला येणार कोण, असं राहणाऱ्याला वाटतं. पण एवढ्या दाटीत अनोळखी चेहराही सहज खपून जातो. बॅग घेऊन जिना चढणारा माणूस पाहुणा आहे, कुरियरवाला आहे की आणखी कुणी, हे विचारायला कुणाला सवड नसते.

मग गावाहून परतायचा दिवस येतो. पहाटेची गाडी, तिथून रिक्षा, खांद्यावर पेंगणारं पोर, हातात नारळांची पिशवी. दारापाशी आल्यावर दिसतं की कुलूप तसंच बंद आहे, पण ते ज्या कोयंड्यात अडकवलं होतं तो कोयंडाच चौकटीतून उपटून निघाला आहे. कटावणी घातलेल्या जागी लाकूड पांढरं उघडं पडलंय. उंबऱ्यावर ऑइल पेंटचे टवके आहेत. दार बोटभर उघडं आहे आणि आत अंधार.

अशा वेळी हातातलं सामान तिथेच टाकून माणूस आत धावतो. आईच्या पाटल्या, मुलीच्या लग्नासाठी जमवलेलं सोनं, भिशीचे पैसे, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे येतं आणि पाय आपोआप उंबरा ओलांडतात. हा लेख त्या एका पावलाविषयी आणि त्यानंतरच्या काही दिवसांविषयी आहे. चोराने करायचं ते नुकसान केलेलं असतं. ते वाढवते ती आपली घाई. आत शिरण्याची घाई, भिडण्याची घाई, आवराआवर करण्याची घाई आणि कुणाचं तरी नाव घेण्याची घाई. पहिल्या दोन घाया जिवावर बेततात, तिसरीत पुरावा पुसला जातो आणि चौथीत एखाद्या निरपराध माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं.

उंबऱ्याच्या अलीकडे

दार फोडलेलं दिसलं की आत जायचं नाही. आत कुणी आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि ते आपण तपासायचंही नाही. पोरांना आणि म्हाताऱ्या माणसांना आधी शेजाऱ्याच्या घरात न्यायचं, किंवा सरळ खाली उतरायचं. मग फोन. महाराष्ट्रात पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी आता ११२ हा एकच क्रमांक आहे. १०० क्रमांकही मुंबईकरांच्या बोटांत बसलेला आहे. फोन लागला की आधी पत्ता सांगायचा, रडणं आणि तक्रार नंतर. वाकोल्यासारख्या भागात नुसता चाळीचा क्रमांक पुरत नाही. मंदिर, मशीद, चर्च, नाल्यावरचा पूल, अशी गाडी चुकणार नाही अशी खूण सांगावी. आत कुणी असल्याचा संशय आहे का, घरातलं कुणी आत अडकलंय का, कुणाला लागलंय का, हे तीन प्रश्न येणारच. त्यांची उत्तरं तयार असली की बीट मार्शल निघण्याआधी वेळ वाया जात नाही.

पोलीस येईपर्यंत दारासमोर गर्दी करून उभं राहू नये. चाळीतल्या खोलीला बहुधा एकच दार असतं. ते अडवलं तर आत सापडलेल्या माणसाला आपल्या अंगावरून जाण्याशिवाय वाट उरत नाही, आणि त्याच्या हातात कटावणी असते. त्याला पळून जायची वाट मोकळी ठेवणं हा भित्रेपणा नाही. तो पळाला तर त्याच्यामागे धावू नये. उंची, अंगातला शर्ट, पायात बूट की चप्पल, चालण्याची लकब, कोणत्या गल्लीने गेला, मोटरसायकल असेल तर नंबर, यातलं जेवढं टिपता येईल तेवढं टिपावं. पोलिसांना या माहितीचा उपयोग पाठलागापेक्षा कितीतरी जास्त होतो. घरातून गॅसचा वास येत असेल तर दिव्याच्या बटणालाही हात लावू नये.

दुकान आणि ऑफिसलाही हाच नियम. सकाळी आलेल्या नोकराला शटर एका बाजूने उचकटलेलं दिसलं, तर ते पूर्ण वर करून आत डोकावण्याचं काम त्याचं नाही. मालकाने हे त्याला आधीच, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवलं पाहिजे. गल्ल्यातल्या रकमेसाठी कुणी जीव धोक्यात घालावा अशी अपेक्षा नाही, हे मालकाच्या तोंडून ऐकलेलं असलं तरच नोकर मागे थांबतो. नाहीतर आळ आपल्यावर येईल या भीतीने तोच सगळ्यात आधी आत शिरतो.

तो समोर उभा असतो तेव्हा

वाकोल्याहून महामार्ग आणि रेल्वे ओलांडून थोडं दक्षिणेला गेलं की वांद्रे पश्चिम. १६ जानेवारी २०२५ च्या पहाटे तिथल्या एका इमारतीत अभिनेता सैफ अली खान यांच्या घरात एक माणूस शिरला. मुलांच्या खोलीजवळ तो पहिल्यांदा घरातल्या परिचारिकेला दिसला. त्याने पैसे मागितले, झटापट झाली, तिच्या हातांना जखमा झाल्या. आवाज ऐकून सैफ धावून आले आणि त्यांच्यावर चाकूचे सहा वार झाले. पात्याचा तुकडा मणक्याजवळ रुतून बसला होता. तो लीलावती रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढावा लागला. रुग्णालयात ते पोहोचले रिक्षाने. आलेल्या बातम्यांनुसार घरच्यांनी त्या माणसाला खोलीत कोंडलं होतं, पण तो आलेल्या वाटेनेच निसटला. जिन्यावरच्या कॅमेऱ्यात तो दिसला आणि तीन दिवसांनी पोलिसांनी ठाण्यातून एका संशयिताला अटक केली.

ज्या बापाच्या लेकरांच्या खोलीत अनोळखी माणूस शिरलाय त्याने काय करायला हवं होतं, हे बाहेरून सांगण्याचा कुणालाच अधिकार नाही. पण त्या रात्रीतून इतरांना काही गोष्टी शिकता येतात. पहारेकरी आणि कॅमेरे असलेल्या इमारतीतही जिना आणि डक्ट ही वाट राहते. घरात शिरलेला माणूस आपल्याइतकाच घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या हातातलं हत्यार विचार करून चालत नाही. रुतलेलं पातं ओढून काढायचं नसतं, कारण रक्तस्राव अडवून धरलेला असतो तो त्याच पात्याने. आजूबाजूने स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, ११२ किंवा १०८ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहणं परवडत नसेल तर मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठायचं.

रात्री खुडबुड ऐकू आली आणि ती दाराबाहेरची किंवा खिडकीपलीकडची असेल, तर दिवे लावावेत, मोठ्याने हाका माराव्यात, शेजाऱ्यांना उठवावं. चोर बाहेर असताना आवाज आपल्या बाजूने असतो. तो आत आलेला असेल तर गोष्ट बदलते. घरातली सगळी माणसं एका खोलीत घ्यावीत, आतून कडी लावावी आणि फोन करावा. दुसरी खोलीच नसेल तर मोरीचं किंवा संडासाचं दारही चालतं. फोन उशाशी हवा आणि आतली कडी चालू हवी, ही तयारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी कुणीतरी जाऊन बघायला हवी. आणि तो समोरच उभा ठाकला तर हात दिसतील असे ठेवावेत, मागेल ते द्यावं, त्याच्या तोंडावरचं फडकं ओढायला जाऊ नये, मी तुला ओळखतो असं म्हणू नये. शिर सलामत तो पगडी पचास ही म्हण आपण गमतीत वापरतो. अशा रात्री तिचा अर्थ शब्दशः घ्यायचा.

कायद्याने दिलेला हात आणि घातलेली मर्यादा

स्वतःला आणि घरच्यांना वाचवण्यासाठी प्रतिकार केला तर आपणच गुन्हेगार ठरू का, ही भीती अनेकांच्या मनात असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाच्या हक्काविषयी आहेत. जुन्या दंडसंहितेत तीच ९६ ते १०६ होती. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी इतकी गंभीर मानली आहे की तिच्याविरुद्ध हा हक्क प्रसंगी हल्लेखोराचा मृत्यू होईपर्यंतही जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली. त्यांचा आशय असा की हल्ला झालेल्या माणसाने भ्याडासारखं पळून जावं अशी अपेक्षा कायदा करत नाही आणि जीव धोक्यात असताना केलेला प्रतिकार नंतर तोळामाशाने मोजायचा नसतो.

पण हा हक्क अमर्याद नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला पुरेसा वेळ असेल तर हा हक्क उभाच राहत नाही. रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क तो माणूस घरात आहे तोवरच टिकतो. तो बाहेर पडला, पळू लागला किंवा पकडला गेला की त्याच्यावर उगारलेली काठी हा बचाव राहत नाही, तो नवा गुन्हा होतो. डोळ्यांदेखत चोरी करताना सापडलेल्या माणसाला सामान्य नागरिकही पकडू शकतो, पण विनाकारण वेळ न लावता आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली केलं पाहिजे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं.

विजेच्या खांबाला बांधून मारणं हे मुंबईच्या गल्ल्यांना नवं नाही. आपली मेहनत कुणी नेली याचा राग खरा असतो. पण गर्दीला थांबता येत नाही, आणि गर्दी चौकशी करत नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठार मारलं. टाळेबंदीच्या त्या दिवसांत त्या भागात चोर फिरतात अशी अफवा होती, एवढंच कारण पुरलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांचा जीव घेतला गेला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. वाकोल्यात रात्री कुणी संशयास्पद दिसल्याचा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर पडतो, तेव्हा ही दोन गावं आठवली पाहिजेत. असा निरोप पुढे ढकलण्याआधी ११२ ला कळवावा.

काही हलवू नका

पोलीस येऊन आत पाहून गेले, आत कुणी नाही, जीव सुरक्षित आहे. आता घरातली बाई कपाटातून बाहेर फेकलेल्या साड्या उचलायला लागते. पसरलेलं घर तिला बघवत नाही. पाहुणे, शेजारी येतात, कपाटाच्या दाराला हात लावून बघतात, जो तो तुटलेली कडी हातात घेतो. तासाभरात त्या खोलीत वस्तीतल्या निम्म्या लोकांचे ठसे जमा होतात आणि ज्याचा हवा त्याचा पुसला जातो.

ठशाची किंमत काय असते, हे याच देशात सव्वाशे वर्षांपूर्वी सिद्ध झालं आहे. कलकत्त्यात १८९७ मध्ये गुन्हेगारांच्या बोटांच्या ठशांचं दप्तर सुरू झालं. त्या ठशांचं वर्गीकरण करणारी पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली, पण तिच्यामागचं मोठं काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचं होतं. १८९८ मध्ये जलपायगुडी भागातल्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा त्याच्या घरात गळा चिरून खून झाला आणि त्याच्या पेटीतला ऐवज गेला. संशयितांची रांग लागली, पण कुणावरच काही ठरेना. पेटीतल्या कागदपत्रांत एक बंगाली पंचांग सापडलं. त्याच्या कव्हरवर तपकिरी डाग होते, त्यातला एक उजव्या अंगठ्याचा निघाला. कलकत्त्याच्या दप्तरात तो जुळला. ठसा चोरीबद्दल आधी शिक्षा झालेल्या एका माणसाचा होता. न्यायालयाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली आणि खुनाच्या आरोपातून सोडलं, कारण खून करताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. त्या पंचांगावरून कुणी ओलं फडकं फिरवलं असतं तर एवढंही हाती लागलं नसतं.

आज तो अंगठा शोधायला दप्तर चाळत बसावं लागत नाही. महाराष्ट्र पोलिसांकडे अॅम्बिस ही संगणकीय यंत्रणा आहे. तिच्यात बोटांचे आणि तळव्यांचे ठसे, चेहरा, डोळ्यांची बुबुळं यांची नोंद असते आणि घटनास्थळावरून उचललेला अर्धवट ठसाही तिच्यात ताडून पाहता येतो. शिवाय सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचं चित्रीकरण व्हावं अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेने केली आहे. राज्य टप्प्याटप्प्याने ती लागू करतं. रात्रीची घरफोडी करून चोरी झाली तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत आहे, म्हणजे ती या कक्षेत येते. राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा तर वाकोल्याच्या शेजारीच, कलिन्यात विद्यानगरीजवळ आहे. पण तिथपर्यंत काय पोहोचणार, हे पहिल्या तासात आपण कुठे हात लावला यावर ठरतं.

म्हणून घर जसं आहे तसं सोडावं आणि शेजाऱ्याकडे बसावं. फार तर फोनने दारातून फोटो काढावेत. पोलीस पुन्हा येतील, दोन पंच बोलावतील आणि पंचनामा लिहायला घेतील. पंच कुणी व्हायचं यावरून शेजारी मागे सरतात, कारण उद्या कोर्टात जावं लागेल. तरीही कुणीतरी व्हायला हवं. पंचनाम्यात दार कोणत्या दिशेला आहे, कोयंडा कसा तुटला, कपाटाच्या कोणत्या कप्प्याचं कुलूप वाकलंय, जमिनीवर काय पडलंय, हे ओळीओळीने उतरतं. तो लिहून होत असताना शेजारी बसून नीट ऐकावा. डब्यात लपवलेली पाटली डब्यासकट गेली असेल तर तेही सांगावं. लाजेपोटी लपवलेली वस्तू कागदावर येत नाही, आणि कागदावर नसलेली वस्तू उद्या सापडली तरी आपली आहे हे सांगता येत नाही.

ठाण्याच्या टेबलावर

वाकोला पोलीस ठाण्याची हद्द कुठे संपते आणि शेजारच्या ठाण्याची कुठे सुरू होते, हे राहणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं. आता त्यावरून परत पाठवता येत नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने फिर्याद नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत मोफत मिळणं हा हक्क आहे. ती मागून घ्यावी आणि घरी जपून ठेवावी.

फिर्यादीत कोणतं कलम लागलंय याकडे लक्ष द्यावं. नुसती चोरी वेगळी, राहत्या घरातली चोरी वेगळी आणि घरफोडी वेगळी. घरातल्या चोरीला न्याय संहितेचं कलम ३०५ लागतं, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घर फोडण्यासाठी कलम ३३१. घर फोडणं म्हणजे दार तोडणंच असं नाही. बनावट चावीने कुलूप उघडणं, भिंत चढून किंवा माणसाने यायची नाही अशा वाटेने आत शिरणं, हेही त्यात येतं. दाराच्या भोकातून तार घालून आतली कडी वर सारण्याचं उदाहरण तर १८६० च्या दंडसंहितेपासून कायद्यातच लिहिलेलं आहे. खिडकीतून नुसता हात आत आला तरी कायद्याच्या दृष्टीने तो आत शिरला. म्हणून दार तुटलेलं नाही मग घरफोडी कशी, असं कुणी म्हणालं तर गप्प बसायचं कारण नाही.

मग वस्तूंची यादी. सोन्याचं बिल हरवलेलं असलं तरी लग्नाच्या, बारशाच्या फोटोत मंगळसूत्र, पाटल्या, तोडे दिसतात. मोबाइल गेला असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक बॉक्सवर असतो. मे २०२३ पासून देशभर सुरू असलेल्या संचार साथी सेवेतून तो फोन बंद करता येतो. बँकेची कार्डं, चेकबुकं, यूपीआय, सगळं त्याच दिवशी थांबवावं. चोर सापडला आणि मुद्देमाल मिळाला तर न्यायालयाच्या आदेशाने तो परत मिळतो. मुंबईत पोलीस ठाण्यांचे मुद्देमाल परत करण्याचे कार्यक्रम होतात, तिथे वर्षानंतर आपलं मंगळसूत्र हातात घेऊन उभ्या असलेल्या बायका दिसतात. तपास होऊनही चोर सापडला नाही, तर पोलीस न्यायालयात ‘अ’ समरी अहवाल देतात. गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही, असा त्याचा अर्थ. विमा कंपनी भरपाईसाठी बहुधा हाच कागद मागते.

विम्याविषयी मोठा गैरसमज आहे. एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना द्यावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ ही घराची प्रमाणित पॉलिसी आग, पूर, भूकंप यांपासून संरक्षण देते. चोरी तिच्यात येते ती अशा आपत्तीनंतर सात दिवसांत, त्या आपत्तीमुळे झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. कर्जासोबत बँकेने काढून दिलेली पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी ती एकदा उघडून वाचावी.

सोनं लॉकरमध्ये ठेवलं की प्रश्न मिटला, असंही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगर इथे चोरांनी बँकेशेजारचा गाळा भाड्याने घेतला, किराणा दुकान थाटलं आणि आतून भुयार खणून थेट लॉकरच्या खोलीत पोहोचले. सुमारे तीस लॉकर फोडले गेले. सुटीनंतर सोमवारी बँक उघडली तेव्हा ते कळलं. त्या वेळी ग्राहकाच्या हाती फारसं काही नव्हतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॉकरबाबत बँकांना हात झटकता येणार नाहीत असं बजावलं आणि रिझर्व्ह बँकेने नियम केले. जानेवारी २०२२ पासून चोरी, घरफोडी, आग किंवा कर्मचाऱ्यांची लबाडी यामुळे नुकसान झालं तर बँकेला लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत भरपाई द्यावी लागते. वर्षाला तीन हजार भाडं असेल तर मर्यादा तीन लाख, आत तीस तोळे असले तरी. जुईनगरचा दुसरा धडा दुकानदारांसाठी आहे: शनिवारी रात्री शटर पडतं ते सोमवारी उघडतं, आणि मधे भिंतीपलीकडे काय चाललंय याची कुणालाच खबर नसते. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच खोलीत असेल तर चोर तो डबाही घेऊन जातो. ते दुसरीकडे साठवलं पाहिजे, आणि घटना घडल्यावर जुनं चित्रण पुसलं जाण्याआधी उतरवून पोलिसांना दिलं पाहिजे.

कुणावर संशय आहे का?

फिर्याद लिहिताना हा प्रश्न येतोच. विचारणं पोलिसांचं कामच आहे. चौथी घाई इथे होते. घरात दुसऱ्या कुणाचं येणंजाणं आहे? भांडी घासणारी मावशी. रात्रपाळीचा वॉचमन. गेल्या महिन्यात रंग लावून गेलेला पोरगा. नाव तोंडातून निघून जातं, आणि ते निघाल्यावर त्या माणसाचं काय होतं हे बघायला आपण तिथे नसतो.

सैफ यांच्यावरच्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी छत्तीसगडमधल्या दुर्ग स्थानकावर रेल्वे सुरक्षा दलाने मुंबईहून निघालेल्या एका तरुणाला गाडीतून उतरवलं. त्याचा फोटो देशभरच्या वाहिन्यांवर संशयित म्हणून फिरला. दुसऱ्या दिवशी ठाण्यात दुसऱ्याला अटक झाली आणि याला सोडून दिलं. त्याने नंतर सांगितलं की नोकरी गेली आणि ठरत आलेलं लग्न मोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण तो जगला. एप्रिल २०१४ मध्ये वडाळा रेल्वे पोलिसांनी चोरीच्या संशयावरून ताब्यात घेतलेल्या पंचविशीतल्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. ते प्रकरण उच्च न्यायालयाने सीबीआयकडे सोपवलं.

या मातीत संशयाचा इतिहास जुना आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसं जन्मतःच चोर ठरवली. सोलापुरात काटेरी तारेच्या आत त्यांच्या वसाहती होत्या आणि रोज हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांच्यावरचा तो शिक्का कायद्याने पुसला गेला, पण गावाबाहेर पाल पडलं की आजही पहिली झडती तिथेच होते. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने हे जगणं मराठी वाचकांसमोर ठेवलं आणि त्याला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तक आपण गौरवलं. शेजारी पाल ठोकणाऱ्याकडे बघण्याची नजर मात्र तितकी बदलली नाही.

म्हणून फिर्यादीत जे पाहिलं आणि जे ठाऊक आहे तेवढंच सांगावं. घराची चावी कुणाकुणाकडे होती, कोण केव्हा आलं, कोणती वस्तू शेवटची केव्हा पाहिली, ही माहिती आहे. तिनेच नेलं असणार, हा तर्क आहे. पोलिसांना माहिती द्यावी, तर्क त्यांच्यावर सोडावा. आणि आपल्याकडे काम करणाऱ्या बाईला चौकशीला बोलावलं, तर तिच्या बाजूने उभं राहणंही आपलंच काम आहे. साक्षीदार म्हणून जबाबासाठी कोणत्याही स्त्रीला, तसंच पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा साठीपुढच्या माणसाला, राहत्या घराशिवाय दुसरीकडे यायला भाग पाडता येत नाही, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ सांगतं. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. हे तिला बहुधा माहीत नसतं. आपल्याला माहीत असेल तर आपण सांगावं.

चोरी ही एकट्याची बाब न मानण्याची रीतही इथे जुनी आहे. पेशवाईतल्या गावात चोरी झाली की जागल्या, रामोशी माग काढत निघायचे. पावलं दुसऱ्या गावच्या शिवेत गेली की माग तिथल्या राखणदारांच्या हवाली व्हायचा आणि जबाबदारीही त्या गावाची व्हायची. पेशव्यांचा मुलूख घेतल्यावर १८१९ मध्ये लिहिलेल्या आपल्या अहवालात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने या पद्धतीची नोंद केली आहे. तिच्यात दोष होते, राखणदार जमातींचं शोषणही होतं. पण एकाच्या घरची चोरी ही साऱ्या गावाची बाब आहे हे ती मानत होती. आज वाकोल्याच्या टॉवरमध्ये शेजारच्या दारावरची पाटी वाचायची राहून जाते.

या दिवाळीत फराळाला सगळे जमतील तेव्हा चार गोष्टी ठरवून टाकाव्यात. रात्री काही झालं तर घरातल्यांनी कोणत्या खोलीत जमायचं आणि फोन कुणी करायचा. घर बंद करून गावाला जाताना कोणत्या दोन शेजाऱ्यांना सांगून जायचं. सोन्याचे फोटो आणि बिलं घराबाहेर कुणाकडे ठेवायची. आणि कुणाच्याही घरी चोरी झाली तर पुरावा समोर येईपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर कुणाही माणसाचं नाव किंवा फोटो टाकायचा नाही. पहिल्या तीन गोष्टी आपलं घर वाचवतील. चौथीने वाचेल ते दुसऱ्याचं घर, जिथे चोरण्यासारखं काही नसतं आणि नावाखेरीज गमावण्यासारखंही काही नसतं.